आंबोळीतली पोळी

आंबोळी हा शब्द सावकाश उच्चारला की त्याच्या पोटातली पोळी ऐकू येते. पुढे आंब, मागे पोळी. आंबवलेल्या पिठाची पोळी ती आंबोळी. मग मधला ‘प’ कुठे गेला? दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘प’ मराठीत सहसा टिकत नाही. दीपाचा दिवा झाला, कच्छपाचा कासव झाला. समासातही तेच घडते आणि त्याचे पुरावे स्वयंपाकघरातच आहेत. गूळ आणि पाणी मिळून गुळवणी, चिंच आणि पाणी मिळून चिंचवणी. पाण्यातला ‘प’ इथे ‘व’ होऊन थांबला. आंबोळीत त्याच्या पाठोपाठ ‘ओ’ आहे, म्हणून तो ‘व’सुद्धा राहिला नाही, ‘ओ’मध्ये विरून गेला.

पुढच्या ‘आंब’ची वाट संस्कृत अम्लाकडे जाते. ताम्राचे तांबे झाले, आम्राचा आंबा झाला, तसे अम्लाचे आंब झाले. ‘म’वरून ‘र’ किंवा ‘ल’कडे जाताना ओठ उघडतात आणि मध्ये एक ‘ब’ आपसूक उमटतो. कालांतराने ‘र’, ‘ल’ गळून जातात आणि पाहुणा म्हणून आलेला ‘ब’ घरचा होतो. आंबट, आंबील, आंबणे, आंबवणे ही सगळी त्याच अम्लाची लेकरे. आंबा मात्र आम्राचा. फळ आणि चव यांची मुळे वेगळी असून मराठीत येता येता त्यांचा आवाज एक झाला.

आंबोळी एकटी नाही. किनाऱ्यावर तिच्या बहिणी आहेत. खापरोळी म्हणजे खापरावरची पोळी. तांदूळ, उडीद, पोहे, मेथ्या भिजवून वाटायचे, रात्रभर आंबवायचे, हळदीने पिवळे करायचे आणि जाड, लुसलुशीत पोळी करून ती नारळाच्या गुळमट रसात बुडवून खायची. संस्कृत खर्पराचे खापर झाले. आता खापरोळी बिडाच्या नाहीतर नॉनस्टिक तव्यावर होते, तरी नावात मातीचे भांडे शाबूत आहे. (खान्देशात मांडे आणि पुरणपोळी खरोखरच्या पालथ्या खापरावर भाजतात, हे तिथल्या कुणाला सांगायला नको.) पातोळी म्हणजे पानातली पोळी. हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ सारवायचे, आत खोबरे-गूळ, पान दुमडून उकडायचे. नागपंचमीला कोकणात आणि १५ ऑगस्टच्या मेरीच्या सणाला गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत तीच पातोळी असते. तवसोळी ही तवशाची, म्हणजे मोठ्या काकडीची. आज ती वडीसारखी जाड असते, पोळीचा आकार तिला उरलेला नाही, पण शेवटचे ‘ओळी’ काही सुटले नाही.

पोळीच्या बाबतीत एक मोह आवरायला हवा. हात पोळतो, जीभ पोळते, तव्यावर पोळते ती पोळी, अशी व्युत्पत्ती चटकन सुचते आणि खरी वाटते. पण पोळीचा माग पोलिका या संस्कृत नावाकडे जातो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा कोशवजा ग्रंथ रचला. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला खेटून आहे. या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात पोलिका आहे, मंडक म्हणजे आपले मांडे आहेत आणि धोसक आहे. धोसकाला तांदूळ लागत नाही, ते डाळींचे आहे. त्याची कृती मला आजच्या डोशापेक्षा मुगाच्या धिरड्याच्या जास्त जवळची वाटते. एकाच राजाच्या ताटात मांडे आणि डोसा शेजारी बसलेले पाहिले की मराठी आणि कानडी स्वयंपाकाच्या हद्दी आखण्याची घाई करू नये असे वाटते.

आता घावन आणि धिरडे. शहरातल्या बोलण्यात आंबोळी, घावन, धिरडे हे शब्द अदलाबदलीने वापरले जाऊ लागले आहेत. मला ते मनापासून खटकते, कारण या तीन शब्दांनी तीन वेगळ्या क्रिया जपल्या आहेत. आंबोळीला वेळ लागतो, रात्र लागते. धिरड्याला काहीच लागत नाही. कणीक, बेसन, ज्वारी, जे पीठ डब्यात असेल ते पाण्यात कालवले, मीठ-मिरची नाहीतर गूळ घातला की तवा चढवायचा. घावन आंबवायचे नसते, पण ते झटपटही नसते. त्याचा सगळा जीव पाण्यात आणि तव्यात आहे.

माझी एक मावशी देवगडकडची. तिच्याकडे घावनाचे तांदूळ रात्री भिजत पडत आणि सकाळी गंधासारखे वाटले जात. मग मीठ आणि पाणी. पाणी घालताना नवख्याचा हात थबकतो, इतके पातळ पीठ तव्यावर धरेल कसे असे वाटते. मावशी ताकाइतके पातळ करून मोकळी होई. बिडाचा तवा चांगला तापला की त्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे. थेंब नाचले की अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा. कांदा नसला तर नारळाची शेंडी. प्रत्येक घावनाआधी पीठ तळापासून ढवळायचे, कारण तांदूळ खाली बसतो आणि वर नुसते पाणी राहते. मग वाटीने पीठ तव्याच्या कडेपासून गोल ओतत मध्यापर्यंत यायचे. डोशासारखे मधून बाहेर पसरवायचे नाही, वाटीचे बूड पिठाला लावायचेही नाही. चुर्र आवाज येतो आणि डोळ्यांदेखत जाळी पडते. झाकण, मिनिटभराची वाफ, कडा सुटल्या की उलथणे. तयार घावनाची चौघडी घालून ते टोपलीत ठेवायचे, पण गरम घावनावर गरम घावन ठेवायचे नाही, चिकटतात.

जाळी का पडते हे त्या पातळपणातच आहे. तापलेल्या लोखंडाला लागताच पिठातले पाणी वाफ होऊन वर धावते. वाफ जिथून गेली तिथे भोक राहते, आणि तेवढ्यातच तांदळातला स्टार्च शिजून घट्ट होतो, त्यामुळे भोक बुजायला सवड मिळत नाही. तवा निवला किंवा पीठ दाट झाले की घावन गुळगुळीत होते, आणि गुळगुळीत घावन म्हणजे बिघडलेले घावन.

कोकणात गौरींच्या नैवेद्याला घावन-घाटले असते. घाटले हे नारळाचे दूध, गूळ आणि तांदळाचे पीठ शिजवून केलेले असते. त्याचे नाव घाटणे या क्रियापदावरून आले आहे. घाटणे म्हणजे ढवळणे, घोटणे. हात थांबला की गुठळी झालीच, हे नावच सांगते. दक्षिणेला तुळुनाडूत याच घावनाला नीर दोसे म्हणतात, आणि नीर म्हणजे पाणी. तिकडच्यांनी पाण्यावरून नाव ठेवले. तांदळावरून ठेवले नाही, कारण तांदूळ बहुतेक दोशांत असतो. इथे पाणी हाच घटक आहे.

जाळीचे कौतुक आपल्याकडे फार जुने आहे. अधिकमासात ३३ अनारसे जावयाला वाण म्हणून देतात. धर्मशास्त्रातला त्यासाठीचा शब्द अपूप. अपूपाला जितकी छिद्रे तितकी वर्षे दात्याला स्वर्ग, अशी त्यामागची समजूत. म्हणून तर खसखशीवर थापून एकाच बाजूने तळलेल्या, जाळीदार अनारशाला तिथे मान. हा अपूप साधा शब्द नव्हे, तो ऋग्वेदातला आहे. इंद्राला द्यायच्या पदार्थांत तो लाह्यांसारख्या भाजलेल्या धान्यासोबत आणि करंभासोबत येतो. आठव्या मंडलात अपाला नावाच्या मुलीला पाण्याला जाताना वाटेत सोम सापडतो, आणि ती इंद्राला सोमासोबत हेच सगळे घ्यायला बोलावते. दहाव्या मंडलात अपूप तुपाचा आहे. म्हणजे आपल्या भाषांत ज्याचे नाव टिकून आहे असा पिठाचा हा कदाचित सर्वांत जुना गोड पदार्थ असावा. पूप, पुआ, मालपुवा हे त्याचे वंशज. रमजानमध्ये मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर अंडी घालून केलेला मालपुवा मिळतो. त्या नावाचा दुसरा अर्धा भाग वैदिक आहे.

दक्षिणेतला अप्पम आणि हा अपूप यांचे नाते कोणत्या दिशेचे, यावर अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. कुणी संस्कृताकडून द्राविडीकडे बाण काढतो, कुणी उलटा. आपल्या अप्प्यांना आणि अप्पेपात्राला त्याने काही फरक पडत नाही, ती दक्षिणेकडूनच वर आली आहेत. उत्तप्पा हाही अप्पमच. तमिळ बोलण्यात ऊत्तु म्हणजे ओतणे, आणि उत्तप्पा म्हणजे ओतलेला अप्पम. श्रीलंकेत इंग्रजांनी अप्पाला हॉपर करून टाकले आणि ते नाव आजही तिथल्या पाट्यांवर आहे.

युरोपातल्या नावांकडे वळले की ध्यानात येते, तिथे नामकरण करणाऱ्यांची नजर दुसरीकडेच होती. पॅनकेक हा सर्वांत रोखठोक: पॅनमधला केक. डच पॅनकुक शब्दही तसाच. फ्रेंच क्रेपच्या मुळाशी लॅटिन क्रिस्पस आहे, कुरळे या अर्थाचा. पातळ पिठाची कडा तव्यावर सुरकुतते, वळते, तिच्यावरून हे नाव. इंग्रजीतला क्रिस्प याच घरातला. रशियन ब्लिन आधी म्लिन होता, दळण्याच्या क्रियेतून निघालेला. म्हणजे तिथे नाव जात्यावरून पडले, तव्यावरून नाही. ब्लिनी हे अनेकवचन. रशियनांची एक म्हण आहे, पहिला ब्लिन गोळा होतो. कोणत्याही मराठी घरात ती भाषांतराशिवाय कळेल. तवा पहिल्या घावनाला कधी सोडत नाही.

ईस्टरआधीच्या दीर्घ उपासापूर्वी घरातले लोणी, दूध, अंडी संपवायची, म्हणून रशियात ब्लिनीचा आख्खा आठवडा आणि इंग्लंडमध्ये पॅनकेकचा मंगळवार. इंग्लंडमधल्या ओल्नी गावी त्या दिवशी बायका तव्यात पॅनकेक उडवत धावतात आणि ही शर्यत १४४५ पासूनची असल्याचे गाव सांगते. आपल्याकडे श्रावण लागण्याआधी आषाढ तळतात, त्याची आठवण इथे होते.

पण सगळ्यांत लांबचा प्रवास प्लॅसेंटाने केला आहे. ग्रीक प्लाकूस म्हणजे चपटी भाकर किंवा केक. त्यावरून लॅटिनमध्ये प्लॅसेंटा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात कॅटोने शेतीवर जे पुस्तक लिहिले त्यात प्लॅसेंटाची सविस्तर कृती आहे: पिठाच्या पापुद्र्यांमध्ये मेंढीच्या दुधाचे चीज आणि मध. रोमन साम्राज्य गेले, नाव राहिले. रोमानियात ते प्लाचिंता झाले, हंगेरीत पलाचिंता, स्लाव्ह भाषांत पलाचिंका, व्हिएन्नात पलाचिंकेन. वाटेत पापुद्रे आणि चीज गळून गेले आणि पातळ, गुंडाळलेला पॅनकेक उरला. बुडापेस्टमध्ये तो जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर खातात, अक्रोडाचे सारण आणि चॉकलेटची धार घालून खातात, आणि होर्तोबाजी नावाच्या प्रकारात आत मांसाचे सारण भरून वर पापरिकाचे लालसर सॉस ओततात. गोड आणि तिखट दोन्हींना एकच नाव पुरते. १५५९ मध्ये रेआल्दो कोलोंबो या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने गर्भाला पोसणाऱ्या त्या गोल, चपट्या अवयवाला प्लॅसेंटा हे नाव दिले. आपण त्याला वार म्हणतो. प्रसूतिगृहात आणि हंगेरीच्या चुलीवर एकच शब्द दोन रूपांत नांदतो आहे, आणि दोन्हीकडे त्याचा मूळ अर्थ एकच आहे: चपटे आणि गोल.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी आहे. शब्दाची आवड असलेल्या मराठी माणसाने तिथे एकदा जेवावे. तिथे गोड आणि तिखट यांची नावे वेगळी आहेत. गव्हाचे पीठ, दूध, अंडी, लोणी घालून केलेली ती क्रेप, गोड खायची. कुट्टूचे पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावर होते ती गालेत, आत अंडे, चीज, हॅम घालून चौकोनी दुमडायची. गालेतच्या मुळाशी गुळगुळीत दगडगोट्याला असलेला जुना फ्रेंच शब्द आहे. कुट्टू हे गव्हाच्या कुळातले धान्य नव्हे, त्यात गव्हाचा चिकटपणा नसतो, त्यामुळे गालेतलाही भोके पडतात आणि ती घावनाला जवळची वाटते. लोखंडाच्या गोल तव्याला तिथले लोक बिलिग म्हणतात आणि पीठ पसरायच्या छोट्या लाकडी दांडीला रोझेल. रोझेल मनगटाच्या एका वळशात फिरली पाहिजे, दुसऱ्यांदा फिरवली की पापुद्रा फाटतो. २ फेब्रुवारीला एका हातात नाणे धरून दुसऱ्या हाताने क्रेप उडवायची, नीट पडली तर वर्षभर पैसा टिकतो. ब्रेटन भाषेत या सगळ्याला क्राम्पुएझ म्हणतात, आणि समुद्रापलीकडच्या वेल्समध्ये क्रेम्पोग. दोन्ही शब्द सख्खे आहेत.

युरोपातल्या या नावांत चपटेपणा आहे, कुरळेपणा आहे, जाते आहे, पॅन आहे. भोके मात्र मला त्यांत सापडली नाहीत. ती सापडतात पूर्व आफ्रिकेत आणि मलायात. इथिओपियाचा इंजेरा टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून करतात. त्याच्यावर पडणाऱ्या भोकांना तिथे डोळे म्हणतात, आणि डोळे कमी पडले तर इंजेरा बिघडला. मलेशियात रोटी जाला मिळते. पातळ पीठ अनेक चोचींच्या भांड्यातून तव्यावर गोल गोल सोडतात, त्याची जाळी विणली जाते, मग ती गुंडाळून रश्शाशी खातात. मलय भाषेत जाला म्हणजे मासे पकडायचे जाळे, आणि तो शब्द संस्कृत जालावरून तिकडे गेला आहे. रोटीही भारतातूनच गेलेली. मासेमारीचे जाळे आणि घावनाची जाळी, दोघांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, आणि समुद्रापलीकडे त्याच शब्दाने त्या तव्यावरच्या पदार्थाचे नाव झाले. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार आनंद झाला होता.

म्हणून हॉटेलच्या मेन्यूवर घावनाला राइस क्रेप लिहिलेले पाहिले की वाईट वाटते. क्रेप म्हणजे कुरळी, आणि घावनाच्या कडेला कुणी कधी महत्त्व दिले नाही. समजावून सांगायला म्हणून लिहिले तर हरकत नाही, पण घावन हे नाव वर असावे. गोव्यात चहाबरोबर खायची अळेबेळे खोबरे-गुळाचे सारण भरून गुंडाळलेली असते, आणि ती पाटीवर आपल्या नावानेच उभी असते.

शब्द बाहेरून घ्यायलाही माझी ना नाही. टोमॅटो ऑम्लेट पाहा. बेसन, टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, अंड्याचा पत्ता नाही, तरी मराठी घरांनी त्याला ऑम्लेट म्हटले. याला चुकीचे म्हणणारे पुष्कळ. पण फ्रेंच ऑम्लेटचा माग काढत मागे गेले की लॅटिन लामेला लागते, आणि लामेला म्हणजे पातळ पत्रा. अंडे त्या शब्दात मुळात कुठेच नव्हते. पातळ पसरलेल्या बेसनाला ऑम्लेट म्हणणाऱ्या गृहिणींनी नकळत शब्दाला त्याच्या मूळ घरी नेऊन ठेवले.

परदेशी थंड गावांत राहणाऱ्या मराठी घरांत आंबोळीचा प्रश्न पिठापाशी येतो. उडीद आणि तांदळाचे वाटण आंबवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीस अंशांची ऊब हवी असते. हिवाळ्यात ती मिळत नाही. काही जण ओव्हनमधला दिवा तेवढा लावून पातेले रात्रभर आत ठेवतात, काही जण गरम पाण्याच्या टोपात. काही जण सोडा किंवा फळमीठ घालून मोकळे होतात. आल्फ्रेड बर्डने इंग्लंडमध्ये १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली, आणि अमेरिकी न्याहारीचा जाड, मऊ पॅनकेक आज बहुतेक ठिकाणी तिच्यावरच फुगतो. वायू तिथेही तोच, कार्बन डायऑक्साइड. भोकेही पडतात. आंब मात्र नसतो, आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याशी खाताना जिभेला त्याची उणीव लगेच जाणवते.

अशा सोड्यावर फुगवलेल्या पोळीला काय म्हणावे? शब्दाचा कौल स्पष्ट आहे. न आंबवता, ऐन वेळी कालवून तव्यावर घातले ते धिरडे. त्यात कमीपणा काही नाही. गुळाच्या पाण्यात कणीक कालवून, वेलची घालून केलेले आणि दुधात बुडवून खाल्लेले धिरडे कुठल्याही मेपल सिरपच्या पॅनकेकशेजारी ठेवावे. आंबोळी म्हणायचे असेल तर मात्र रात्री डाळ-तांदूळ भिजत घाला.